आष्टी कोणती?

२००३ सालची गोष्ट. डी.एड. होऊन घरी बसलो होतो. पुण्याला मावसभावाकडं चार दिवस राहून परत निघालो, शिवाजीनगरहून औरंगाबादची एसटी धरली. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ, डोक्याला टोपी, मांडीवर पिशवी. कोणी बोलू नये म्हणून मी खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं होतं. पण वाघोलीच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली, डोळे उघडले आणि त्यांनी गाठलंच.

"पाव्हणं, गाव कोणतं?"

"आष्टी."

"कड्याची का?"

महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ. बीड जिल्ह्यातली आष्टी तालुक्याचं ठिकाण, कडा गाव त्याच तालुक्यात, म्हणून लोक आष्टी-कडा असं जोडीनं बोलतात. वर्ध्याची आष्टी बेचाळीसच्या आंदोलनात गाजलेली. आमची आष्टी जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातली, परतूरहून माजलगावकडं जाताना लागते. तालुक्याचं ठिकाण नाही, नकाशावर बोट ठेवून दाखवावी लागते. "नाही, जालन्याची" एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की "जालन्यात कुठं आली आष्टी?" हा प्रश्न येणार, मग परतूर सांगा, मग माजलगाव सांगा. त्या सगळ्या वाक्यांची रांग मला समोर दिसली आणि घशाला कोरड पडली.

मी म्हणालो, "हो."

गृहस्थांचा चेहरा खुलला. त्यांची धाकटी बहीण कड्यात दिलेली. मग दोन-अडीच तास मी बीडच्या आष्टीचा होतो. पाऊसपाणी कसं आहे, बाजार कसा भरतो, सगळ्याला "ठीक आहे", "बरं आहे". शिरूर गेलं, सुपा गेलं. नगरच्या स्टँडवर गाडी लागली तसं त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "उठा, तुमचं नगर आलं. जामखेडची गाडी लगेच मिळंल."

खिशात तिकीट औरंगाबादपर्यंतचं. आणि मी उठलो. बॅग घेऊन खाली उतरलो. गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून एक पुडकं माझ्या हातात दिलं. बहिणीसाठी बांगड्या आणि खण, वर चिठ्ठीत पत्ता. "जाता जाता तेवढं द्या." गाडी गेली. मी पुडकं धरून दोन तास तिथं उभा. मग दुसरी गाडी, दुसरं तिकीट. पुडकं नंतर पार्सलानं कड्याला पाठवलं, तेही परतूरच्या पोस्टातून, कारण आष्टीच्या पोस्टात ओळखीचं माणूस होतं आणि त्यानं विचारलं असतं की कड्याला तुमचं कोण.

ही गोष्ट मी पंधरा वर्षं कोणाला सांगितली नाही. बायकोला सांगितली तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, "म्हणजे भीतीपायी माणूस गाडीतून उतरतो?" उतरतो. मी तर बऱ्याच गाड्यांतून उतरलेला आहे.

लहानपणी याला भीती म्हणत नव्हते. आमच्याकडं याला शब्द भरपूर: बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, घुम्या. यातले निम्मे शब्द कौतुकानं वापरले जात. "पोरगं लई गरीब, वर मान करून बोलत नाही." पाहुण्यांसमोर आई हे अभिमानानं सांगायची आणि मी माजघराच्या दाराआड उभा राहून ते ऐकायचो. गावात अडायचंही नाही. आष्टीत मी कोणाला पहिल्यांदा भेटतच नव्हतो. जन्मल्यापासून सगळ्यांना मी अमक्याचा पोरगा म्हणून माहीत. ओळख करून द्यायची वेळच येत नाही अशा गावात हा दोष पंचवीस वर्षं खपून जातो.

नाही म्हणायला बाजारात एकदा उघडा पडलो होतो. वडिलांची मोसंबीची थोडी झाडं होती. चांगला माल जालन्याला अडतीवर जायचा, उरलेला बारका माल आठवडी बाजारात ढीग लावून विकायचा. एकदा वडील पाणी प्यायला म्हणून गेले आणि मला बसवून गेले. मी आठवीत. गिऱ्हाईक म्हणेल तो भाव मी मान्य केला. "पाचला दे." मान हलवली. "चारला दे." मान हलवली. वडील आले तेव्हा ढीग संपलेला आणि पैसे निम्मे. ते रागावले नाहीत. "व्यापार तुझ्याच्यानं व्हायचा नाही, मास्तर हो," एवढंच म्हणाले. मास्तराला बोलावं लागत नाही असा त्यांचा समज असावा.

गंमत म्हणजे तो निम्मा खरा निघाला. २००४ मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागलो, महिना तीन हजार रुपये मानधन, शाळा मंठा तालुक्यातल्या एका खेड्यात. वर्गात चाळीस पोरांसमोर मी गाणी म्हणायचो, वाघ व्हायचो, माकड व्हायचो. पण शाळेच्या दारात एखादा पालक उभा दिसला की हात ओले व्हायचे. पहिली-दुसरीची पोरं आपल्याला तोलत नाहीत, निदान मला तरी तसं वाटायचं. मोठी माणसं तोलतात, आणि काटा त्यांच्या हातात असतो.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे प्रशिक्षण. सतरंजीवर पन्नास शिक्षक गोल बसलेले, आणि साहेब म्हणणार, "चला, प्रत्येकानं आपापला परिचय करून द्या." नाव, शाळा, आवड. तीन गोष्टी. यात काय आहे असं म्हणणाऱ्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. मी डोकी मोजायचो. माझ्याआधी सतरा. नाव, शाळा, वाचनाची आवड. सोळा. नाव, शाळा, वाचनाची आवड. आधीचे लोक काय सांगतात ते एक अक्षर कानात शिरायचं नाही, कारण मी मनात माझंच नाव पाठ करत असायचो. स्वतःचं नाव! तीन जण उरले की मला तहान लागायची. पाण्याच्या टाकीशी उभा राहून, परिचयाचा गोल माझ्या रिकाम्या जागेवरून पुढं गेला की परत यायचो. असे किती परिचय चुकवले त्याचा हिशेब नाही. परिणाम असा की सहा वर्षांनीसुद्धा केंद्रातले काही शिक्षक मला "अहो, ते हे" म्हणून हाक मारायचे.

लपण्याच्या जागा शोधण्यात बुजऱ्या माणसाची बुद्धी फार तल्लख चालते. लग्नातली माझी जागा ठरलेली होती. मांडवात पोचलो की अनोळखी पाहुण्यांत बसायच्या आधी मी वरणाची बादली हातात घ्यायचो. वाढप्याला कोणी गाव विचारत नाही. "घ्या, अजून घ्या, थोडं घ्या" एवढ्यावर तीन पंगती निघतात. वर लोक कौतुक करतात की पोरगं कामाचं आहे. पुढं मोबाइल आला तेव्हा बादलीची गरज कमी झाली, पण बादलीनं निदान लोकांची पोटं तरी भरायची.

स्वतःच्या लग्नात मात्र बादली घेता येत नाही. त्याआधी मुलगी बघणं. पहिली तीन ठिकाणं माझ्या गप्प बसण्यानं गेली. एका घरून मध्यस्थाकडं निरोप आला की मुलगा शिकलेला आहे, पण त्याला ऐकू येतं का ते एकदा बघून घ्या. चौथ्या ठिकाणी पोहे झाले, चहा झाला, आणि घरातल्यांनी आम्हा दोघांना ओसरीवर बसवून "बोला काय ते" म्हणून आत पाय काढला. पाच मिनिटं मी समोरच्या कडुनिंबाची पानं मोजत होतो. मग ती म्हणाली, "तुम्हाला काही सुचत नसेल तर राहू द्या. मलाही काही सुचत नाहीये." इतकं बरं वाटलं मला. त्यानंतरची दहा मिनिटंही आम्ही गप्पच होतो, पण ते गप्प बसणं वेगळं होतं. २००८ मध्ये लग्न झालं.

मग २०११ ची जनगणना आली.

तोवर बदली होऊन मी आष्टीजवळच्या शाळेत आलो होतो. प्रगणक म्हणून नाव लागलं आणि गट मिळाला आष्टीतलाच, पण गावाच्या पलीकडच्या अंगाचा, जिथं तीस वर्षांत माझं कधी काही काम पडलं नव्हतं. साधारण सव्वाशे घरं. गणनेच्या तारखा ९ ते २८ फेब्रुवारी. म्हणजे वीस दिवसांत सव्वाशे अनोळखी उंबरे, आणि प्रत्येक माणसामागं एकोणतीस प्रश्न. आदेश हातात पडला त्या रात्री मी आजारपणाची रजा कशी घेता येईल याचा विचार केला. खोटं कशाला सांगू, एका डॉक्टराशी अर्धवट बोलणंही करून आलो होतो. पण जनगणनेच्या कामाला नकार दिला तर कायद्यानं कारवाई होते असं सगळे म्हणत होते, आणि कारवाई म्हणजे साहेबापुढं उभं राहून बोलणं. त्यापेक्षा सव्वाशे घरं परवडली.

पहिल्या दिवशी पहिल्या घरासमोर मी वीस मिनिटं उभा होतो. नजरी नकाशा उलटासुलटा करून बघत होतो, जसं काही घर सापडत नाहीये. शेवटी आतूनच एक बाई आली. "कामून उभे राहिले सर? आत या ना." सुटलो. पुढच्या घरांसाठी एक वाक्य घोटून ठेवलं: "नमस्कार, मी जनगणनेसाठी आलोय, थोडी माहिती पाहिजे होती." दिवसाला आठ-दहा वेळा तेच वाक्य. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ते वाक्य तोंडातून निघेपर्यंतच सगळी धडधड आहे. ते निघालं की पुढचं काम कागद करतो. कुटुंबप्रमुखाचं नाव, नातं, जन्मतारीख. माणसं इतकी सहज सांगत होती की मला आश्चर्य वाटायचं. ते मला बघत नव्हते, मी काय लिहितोय ते बघत होते.

तरी दोन प्रश्नांची धास्ती होती. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला विचारायचं: आज हयात मुलं किती, आणि एकूण जन्मलेली किती. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. परक्या घरात जाऊन परक्या बाईला हे विचारायचं म्हणजे माझ्यासारख्याला शिक्षाच. बहुतेक ठिकाणी मी मान खाली घालून पुटपुटायचो आणि मिळेल तो आकडा लिहायचो.

एका घरी सत्तरीची म्हातारी एकटी होती, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. हयात किती? तीन. जन्मलेली किती? तिचे हात थांबले. म्हणाली, "बस बाबा खाली, हे उभ्यानं सांगायचं नाही." मी बसलो. एक पोरगी बहात्तरच्या दुष्काळात गेली, दूध नव्हतं. एक पोरगा तापानं, बैलगाडी परतूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधी. एक जन्मतःच. एक मोठा होऊन, विहिरीच्या कामावर. ती एकेकाचं नाव सांगत होती. नावाला फॉर्मवर जागा नव्हती, तिथं फक्त आकडा हवा होता. मी नावं पाठीमागच्या कोऱ्या कागदावर लिहिली. का ते माहीत नाही, पण तिच्यासमोर फक्त "सात" लिहिणं जमेना. तास-दीड तास गेला. चहा झाला. बाहेर पडलो, चार घरं पुढं गेलो, आणि मग जाणवलं की तेवढ्या वेळात मी माझ्या हाताकडं, आवाजाकडं, चेहऱ्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. मी तिथं नव्हतोच. सगळी ती होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं की यावरही अभ्यासकांनी लिहिलंय. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोघांनी १९९५ मध्ये मांडलं की बुजऱ्या माणसाचं लक्ष समोरच्यावरून उडून स्वतःवर खिळतं. आपण कसे दिसतोय, आवाज कापतोय का, याचा आतल्या आत सिनेमा चालू होतो आणि त्या सिनेमालाच तो खरं समजतो. शिवाय भेट संपली तरी रात्री अंथरुणावर तिचा रवंथ चालतो. हे वाचलं तेव्हा मला तुरीच्या शेंगा आठवल्या.

गणना संपली. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या रात्री आम्ही बेघर माणसं मोजायला स्टँडवर फिरलो. तिथंही एका फिरस्त्याशी मी आपणहून बोललो. घरी येऊन बायकोला सांगितलं की मी बरा झालो.

कसला बरा! मार्चमध्ये लग्न होतं, मांडवात शिरलो, हातात जनगणनेची पिशवी नाही, आणि पाय सरळ वरणाच्या बादलीकडं वळले. तेव्हा समजलं की वीस दिवस मी भेटत नव्हतो, सरकार भेटत होतं. पिशवी आणि ओळखपत्र गळ्यात असेपर्यंत "तुम्ही कोण?" याचं उत्तर तयार होतं. तरीही ते वीस दिवस फुकट गेले असं मी म्हणणार नाही. पहिलं वाक्य निघेपर्यंतच कठीण असतं हे हाडाला कळलं होतं. फक्त पिशवीशिवायचं वाक्य कोणतं, ते माहीत नव्हतं.

आता जे सांगतोय ते सांगायला बरं वाटत नाही. ज्याला हा त्रास आहे तो दुसऱ्याचा त्रास ओळखेल असं वाटतं ना? माझ्या वर्गात तिसरीला एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर ती त्यांच्याबरोबर जायची आणि उन्हाळ्यात परत यायची. दरवर्षी वर्ग तिला नवा आणि ती वर्गाला नवी. तोंड उघडायची नाही. मला वाटलं हिला धीट करायचं. आपल्यावर जी वेळ आली ती हिच्यावर नको. पंधरा ऑगस्टच्या भाषणात मी तिचं नाव घातलं. चार ओळी पाठ करून घेतल्या. झेंड्यासमोर गावातली शंभर माणसं, ती उभी राहिली, आणि ओठ मिटलेले ते मिटलेलेच. मी शेजारून पहिला शब्द सांगितला. दुसऱ्यांदा सांगितला. पोरं हसायला लागली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, तिला उतरवून घ्यायला म्हणून, पण तिला ते कुठं कळणार? ती पळाली. दहा दिवस शाळेत आली नाही.

मी तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, "घरी लई बोलते हो सर. कान किटतात." ती दारामागं होती. दाराआडून दिसणारे दोन पाय मला चांगलेच ओळखीचे होते, आमच्या माजघराच्या दारामागं मीही तसाच उभा राहिलेला. मी तिला काही बोललो नाही, "शाळेत ये" असंसुद्धा नाही. तिच्या भावाशी गोट्यांबद्दल बोलून आलो.

आली ती. मग मी तिला एक काम दिलं. रोज हजेरी झाली की पोषण आहाराच्या खोलीत जायचं आणि स्वयंपाकाच्या मावशींना आकडा सांगायचा. "आज सत्तावीस." दोन शब्द. पहिले काही दिवस ती पाटीवर आकडा लिहून न्यायची. मावशींना मी सांगून ठेवलं होतं की घाई करू नका, पाटी वाचा, चालेल. मग एक दिवस पाटी वर्गातच विसरली आणि आकडा तोंडानं सांगून आली. कधी सव्वीस, कधी एकोणतीस. दिवाळीच्या आधी एका दिवशी मी मागून जात होतो आणि ऐकलं: "आज सत्तावीस. पण भात कमी टाका, काल उरला होता." मावशी म्हणाल्या, "बरं, मॅडम." मी वर्गात परत आलो आणि फळ्याकडं तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो. त्या वर्षी तिला हंगामी वसतिगृहात ठेवायला आईबाप तयार झाले आणि ती पहिल्यांदाच वर्षभर शाळेत राहिली. भाषण मात्र तिनं त्याही वर्षी केलं नाही. मीही म्हटलं नाही.

जे तिच्यासाठी केलं ते स्वतःसाठी करावं हे सुचायला अजून चार वर्षं गेली. त्यात अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ हे पुस्तक वाचनात आलं. एलिस हा अमेरिकेतला मानसोपचारतज्ज्ञ. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडं रुजवण्यात ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांचा वाटा मोठा आहे. एलिसचा जन्म १९१३ चा. तरुणपणी तोही आमच्यातलाच, बायकांशी बोलायला मरणाचा भ्यायचा. एकोणीस वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात तो रोज जायला लागला. बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, असा नियम. एकशेतीस बायका भेटल्या. तीस उठून गेल्या. शंभरांशी तो बोलला. त्यातून एकीनं भेटायची वेळ ठरवली आणि ती काही आलीच नाही. फलित शून्य. पण शंभर वेळा बोलूनही आकाश कोसळलं नाही, पोलीस आले नाहीत, हे त्याला दिसलं.

आष्टीत बाकावर बसलेल्या एकट्या बाईशेजारी जाऊन बसलो असतो तर फलित शून्याच्या बरंच खाली गेलं असतं. तेव्हा तो प्रयोग सोडला. एलिस पुढं आपल्या रुग्णांना शरम मोडायचे गृहपाठ द्यायचा. त्यातला एक म्हणजे रेल्वेत बसून पुढच्या थांब्याचं नाव मोठ्यानं ओरडायचं. हे मला जमण्यासारखं वाटलं. जालन्याहून परतूरच्या एसटीत बसलो. रामनगरला तोंड उघडलं नाही. पुढंही नाही. वाटूर फाटा जवळ आला तसे कान तापले, पोटात गोळा आला, आणि मी ओरडलो, "वाटूर फाटाऽ!" सगळी गाडी वळून बघायला लागली. आता कंडक्टर काय म्हणतो म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात मागच्या सीटवरचे एक आजोबा धडपडत उठले. "बरं झालं बाबा ओरडला, डोळा लागला होता. मला इथंच उतरायचंय." जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. मी लाज मोडायला निघालो होतो, पदरात आशीर्वाद पडला.

डॉक्टरांकडंही गेलो, तेही सांगतो. शहरात गेलो, नंबर लावला, बाहेरच्या बाकावर तास बसलो, आणि नाव पुकारलं तसा उठून घरी आलो. नव्या माणसाला भेटायची भीती घालवायची तर आधी एका नव्या माणसाला भेटावं लागतं, हा पेच कोणाच्याच लक्षात येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू झाली, नंबर १४४१६. फोन तरी सोपा जाईल असं वाटलं. तो लावायला मला तीन दिवस लागले. पहिल्यांदा पलीकडून आवाज आला आणि मी कट केला. दुसऱ्यांदा बोललो. मराठीतच. मग महिन्याभरानं त्याच डॉक्टरांकडं परत गेलो आणि या वेळी आत गेलो. मी म्हणालो, "मागं एकदा येऊन पळून गेलो होतो." ते म्हणाले, "बरेच जातात." याला औषधही असतं आणि काहींना ते लागतंच, हे त्यांनी नीट समजावलं. मला मात्र गृहपाठ दिला. बादली घ्यायची नाही. लग्नात गेलो तर पंगतीत बसायचं, मोबाइल खिशात ठेवायचा, आणि शेजारच्याची एक तरी गोष्ट घरी घेऊन यायची.

त्या गृहपाठाची माझी वही आहे. पहिल्या पानावर फक्त, "मठाच्या भाजीत मीठ जास्त आहे असं शेजारचे म्हणाले." पुढं पुढं पानं भरत गेली. कोणी पोकलेन चालवतो, कोणाचा पोरगा पुण्याला कंपनीत, कोणाच्या मोसंबीच्या बागा २०१२-१३ च्या दुष्काळात वाळल्या. आमच्याही तेव्हाच गेल्या, हे मी त्याला आपणहून सांगितलं आणि मग आम्ही पंगत उठली तरी बोलतच बसलो. भीती येतेच. अजूनही कार्यक्रमाच्या आदल्या रात्री झोप उशिरा लागते, प्रशिक्षणात गोल करून बसवलं की डोकी मोजायला सुरुवात होते. पण तहान लागत नाही. लागली तरी बसून राहतो. परवा माझी पाळी आली तेव्हा नाव सांगितलं, शाळा सांगितली, आणि आवड काय म्हणून विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, "लोकांना गाव विचारायची." का हसले कोण जाणे, पण हसले.

गेल्या वर्षी पुण्याहून येताना पुन्हा शेजारी एक जण होता. माझ्याहून तरुण, कानात वायर. या वेळी मीच विचारलं, "गाव कोणतं?" त्यानं सांगितलं, कर्जत. मग त्यानं विचारलं.

"आष्टी," मी म्हणालो.

"अरे वा. तुमच्याकडं रेल्वे आली की आता."

आली होती खरी. २३ सप्टेंबर २०२२ ला नगरहून आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली होती, पेपरात फोटो आले होते. बीडच्या आष्टीला. घशाशी ती जुनी कोरड आली. नगर अजून तासभर लांब होतं.

"ती बीडची," मी म्हणालो. "मी जालन्याच्या आष्टीचा. परतूर तालुका. आमच्या परतूरला रेल्वे निजामाच्या काळापासून आहे. मनमाडहून सिकंदराबादला जाते ती लाइन. स्टेशनावरून आष्टीला यायला गाड्या असतात. वाटूर फाट्यावरून आलात तर..."

"असं का," तो म्हणाला, आणि वायर परत कानात घातली.